आधी वावर उपसा, मग विहीर

पत्र: आमचं साडेचार एकराचं वावर कारंजा (घाडगे) तालुक्यात डांबरी रोडाला लागून आहे. दोन एकर संत्रा, बाकी कपाशी आणि तूर. मेच्या पहिल्या आठवड्यात रात्री वळणावर डिझेलचा टँकर पलटी झाला. ड्रायव्हर वाचला, पण एक कप्पा फुटला आणि पाचेक हजार लिटर डिझेल धुऱ्यावरून आमच्या वावरात उतरलं. खालच्या कोपऱ्यात, संत्र्याच्या शेवटच्या दोन ओळींत डबकं झालं. सकाळी अर्धं गाव कॅन घेऊन आलं, तरी निम्म्याहून जास्त जमिनीतच जिरलं. विहीर तिथून शंभरेक फूट. आठ-दहा दिवस काही नव्हतं, आता पाण्याला घासलेटासारखा वास येतो, वर रंगीत तवंग दिसतो. सासऱ्यांनी चुना टाकला, लाल दवा टाकली, वास गेला नाही. शेजारी म्हणतात चार दिवस मोटर चालू ठेवा. सरपंच म्हणतात पाऊस पडला की धुऊन निघेल. ग्रामपंचायतीच्या किटमध्ये पाणी चांगलं निघालं. ट्रान्सपोर्टवाल्याचा माणूस दीड लाख रुपये आणि स्टॅम्पपेपर घेऊन दोनदा येऊन गेला. सातबाऱ्यावर माझं आणि मालकांचं, दोघांचं नाव आहे. विहीर साफ कशी करायची? आणि सही करायची का?
— एक वाचक, जि. वर्धा

ताई, सही करू नका आणि मोटर सुरू करू नका. आजच्यापुरतं एवढं पाळलंत तरी पुष्कळ झालं. बाकीचं सावकाश वाचा, पण फार सावकाश नको. मृग लागायला थोडेच दिवस उरलेत आणि माझा अर्धा सल्ला पावसाच्या आधीचा आहे.

त्याच्याही आधी एक गोष्ट, जी पत्रात कुणाच्याच तोंडी नाही. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात भडका-बिंदू किमान ३५ अंश धरलेला आहे, म्हणजे त्याच्या वरच्या तापमानाला डिझेलची वाफ ठिणगीने पेट घेऊ शकते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ वर असतो. विहिरीच्या तोंडाशी बिडी, काडी, कंदील काही नको. मोटरचा स्टार्टर विहिरीच्या काठावर असेल तर त्याला हात लावू नका. विहिरीत तर कुणीच उतरायचं नाही, दोर बांधूनही नाही. वाफ खाली साचते, हवा कमी पडते, आणि वाचवायला उतरलेला दुसरा माणूसही वर येत नाही. गावातल्या ज्यांनी कॅन भरून डिझेल घरी नेलंय त्यांनाही ते चुलीपासून लांब ठेवायला सांगा. कुणी रागावलं तर रागावू द्या.

आता मूळ मुद्दा. तुम्हाला मिळालेले सगळे सल्ले विहिरीबद्दल आहेत, कारण विहीर दिसते आणि विहिरीचाच वास येतो. पण विहिरीत आलंय ते थोडं. जास्तीचं डिझेल अजून त्या खालच्या कोपऱ्यात, जमिनीच्या पोटात आहे आणि तिथून ते झिरपत राहणार. विहीर दहा वेळा उपसली तरी अकराव्यांदा तेच पाणी येईल. पैसा, जेसीबीचे तास, माणसांची मेहनत, जे काही असेल ते आधी त्या कोपऱ्यात लावा.

दहा दिवसांत शंभर फूट डिझेल गेलं कसं, हा प्रश्न तुमच्या मनात असेलच. काळी माती ओली असते तेव्हा पाणीसुद्धा सहज जाऊ देत नाही. पण तीच माती मे महिन्यात बघा: कंबरेइतक्या खोल भेगा, हात घातला तर कोपरापर्यंत जातो. डिझेल मातीच्या कणाकणातून मुरत बसलं नाही, ते भेगांतून सरळ खालच्या मुरमावर उतरलं. मुरमाखाली आपला काळा खडक, तोही सांध्यासांध्यांनी फाटलेला. ज्या सांध्यांतून तुमच्या विहिरीला झरे आहेत त्यांतलाच एखादा सांधा डिझेलला सापडला. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून भूजलापर्यंत पोचलं की पाण्यावर पसरतं आणि पाण्याच्या उताराने सरकतं.

सरपंचांचं म्हणणं इथेच फसतं. पाऊस पडला की माती फुगेल, भेगा मिटतील आणि आतलं डिझेल आतच कोंडलं जाईल. जे खाली उतरलंय त्याला पावसाचं पाणी आणखी रेटेल. सध्या भूजल वर्षातल्या सगळ्यात खालच्या पातळीवर आहे. पावसाळ्यात पाणी कित्येक फूट वर चढेल, तसा तवंगही वर चढेल आणि चढताना खडकाच्या प्रत्येक फटीला चोपडत जाईल. काही फटींतलं डिझेल पाण्याखालीच अडकून राहील. श्रावणात विहीर भरली की वास जवळजवळ जाईल, सगळे म्हणतील बघा, साफ झालं. मग माघ-फाल्गुनात पाणी उतरायला लागलं की फटींतलं पुन्हा सुटेल आणि वास परत येईल. ट्रान्सपोर्टवाल्याच्या माणसाला हे शास्त्र माहीत असेल असं नाही, पण त्याची सहीची घाई बरोबर याच वेळापत्रकात बसते.

मोटर का नको, तेही याच हिशेबात. विहिरीतलं पाणी झपाट्याने खाली गेलं की आजूबाजूचं पाणी चारी बाजूंनी विहिरीकडे धावतं आणि कोपऱ्यातलं डिझेल सोबत ओढून आणतं. शिवाय पंपाच्या पंख्यात डिझेल आणि पाणी घुसळून असं एकजीव होतं की नंतर वेगळं करता येत नाही. ते पाणी ठिबकमध्ये गेलं तर आज एका कोपऱ्यात असलेलं संकट दोन एकरांत जाईल. मोठ्या गळतीच्या ठिकाणी जाणकार मुद्दाम पंप लावून तेल एका जागी ओढून घेतात हे खरं, पण तिथे पातळी मोजून, तेल वेगळं काढायची सोय करून ते काम होतं. पाच एचपीची मोटर चार दिवस सोडून देणं ही वेगळी गोष्ट.

सासऱ्यांनी चुना आणि लाल दवा टाकली ती जुन्या सवयीने, त्यांना बोल लावू नका. त्या गोष्टी जंतूंवर चालतात, डिझेलवर चालत नाहीत. मात्र यापुढे ब्लीचिंग पावडर अजिबात नको. क्लोरिन तेलातल्या काही घटकांशी जुळून जास्त त्रासदायक रसायनं करतं. धुण्याची पावडर किंवा साबणही नको, त्याने तवंग फुटून पाण्यात मिसळतो. आज डिझेल वर तरंगतंय, ही तुमची जमेची बाजू आहे, ती घालवू नका.

ग्रामपंचायतीच्या किटबद्दल. ते किट खोटं बोललं नाही, त्याला तो प्रश्नच विचारलेला नाही. त्यात फ्लोराईड, नायट्रेट, क्लोराईड, लोह, कठीणपणा, जंतू असं तपासतात. यवतमाळ-चंद्रपूरकडचं फ्लोराईड, पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा, जागोजागचं नायट्रेट, आपल्या पाण्याची ही नेहमीची दुखणी, किट त्यासाठी आहे. तेल त्यात दिसत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) खनिज तेलाची मर्यादा लिटरला ०.५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सूट नाही. ती तपासणी नागपूरच्या मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत करून घ्यावी लागेल. नमुना काचेच्या बाटलीत, तपकिरी असेल तर उत्तम, काठोकाठ भरून, आत हवा न ठेवता, बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोचवा. प्लॅस्टिकच्या बाटलीत नेलं तर तेल बाटलीला चिकटतं आणि आकडा कमी येतो. एक नमुना तवंगासकट घ्या, दुसरा तवंग बाजूला सारून खालच्या पाण्याचा. बाटल्यांवर तारीख, वेळ लिहा आणि भरताना तलाठी किंवा पोलीस पाटील शेजारी उभे असलेले फोटो काढा.

आकडा येईपर्यंत घरच्या घरी दोन गोष्टी बघून ठेवा. पहिली, तवंग खरंच तेलाचा आहे का. लोहाच्या जंतूंचाही असाच इंद्रधनुषी पापुद्रा येतो. लांब काडीने तवंग हलवा. काचेसारखे तुकडे होऊन ते वेगवेगळेच राहिले तर लोह. काडी काढल्यावर रंग पुन्हा वाहत येऊन जुळले तर तेल. तुमच्याकडे तेलच आहे हे वासावरून कळतंय, पण शेजाऱ्यांच्या विहिरी बघताना ही काडी कामी येईल. दुसरी, थर किती जाड आहे. पारदर्शक नळीचा लांब तुकडा घ्या, ठिबकवाल्याकडे मिळतो. बांबूला बांधून उभा पाण्यात सोडा, वरचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबा आणि उचला. नळीत खाली पाणी आणि वर पिवळट थर असे दोन मजले दिसतील. त्या थराला पट्टी लावा आणि वहीत लिहा. दर आठवड्याला एकदा. ही वही पुढे कोर्टातही बोलते आणि काम होतंय की नाही तेही तीच सांगते.

आता कोपरा. पहिल्यांदा वरच्या अंगाने, रस्त्याच्या बाजूने मातीचा बांध घाला, म्हणजे पावसाचं वाहतं पाणी त्या जागेवर येणारच नाही. दुसरं, डबकं आणि विहीर यांच्यामध्ये आडवी चारी खोदून घ्या, मुरूम संपून कडक खडक लागेपर्यंत. जेसीबीचा हात बारा-चौदा फूट जातो, तेवढा बहुतेक पुरेल. या चारीत झिरपून येणारं डिझेल अडेल आणि तुम्हाला वरूनच काढता येईल. चारीत माणूस उतरवू नका. काळ्या मातीची उभी भिंत न सांगता बसते.

मग डबक्याची माती. किती खोल जायचं याचा निकाल एका बरणीत लागतो: मूठभर माती, वर स्वच्छ पाणी, झाकण लावून जोरात हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. वर तवंग आला तर अजून खाली जा. तवंग नाही आणि वासही नाही, तिथे थांबा. समजा डबकं तीस फूट बाय वीस फूट होतं आणि तीन फूट खोदावं लागलं, तर अठरा ब्रास (अठराशे घनफूट) माती निघेल, सत्तर-ऐंशी टन. भेगांच्या जागी आणखी खोल जावं लागेल, कारण डिझेल सपाट थरात नाही, मुळांसारखं खाली गेलेलं आहे. जी माती मुठीत पिळली की डिझेल गळतं ती वेगळी करून झाकणाच्या ड्रममध्ये भरा. ती घातक कचऱ्यात जाते, आणि नागपूरजवळ बुटीबोरीला अशा कचऱ्याची सामायिक विल्हेवाटीची सोय आहे. तिथे न्यायची व्यवस्था आणि खर्च टँकरवाल्याचा. तसं प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी मागा. विटभट्टीवाला माती फुकट नेतो म्हणाला तरी देऊ नका. तुमची माती दुसऱ्याच्या विहिरीशेजारी जाऊन पडेल, आणि तुमच्याकडचा पुरावाही जाईल.

खड्डा उघडा ठेवून पावसाळ्यात जाऊ नका, ही चूक फार जण करतात. उघड्या खड्ड्यात पाणी साचतं आणि तळाला उरलेलं डिझेल ते खडकात दाबतं. शोषखड्डा आपण पाणी जिरवायला करतो, तसंच इथे नको ते जिरतं. बाहेरची चांगली काळी माती आणून थराथराने भरा, प्रत्येक थर जेसीबीने दाबा, वर उंचवटा ठेवा आणि ताडपत्री टाका. फुगणाऱ्या काळ्या मातीचा हा गुण एरवी आपल्याला छळतो, इथे तो टोपणाचं काम करेल.

बाकीची, वास येणारी पण न गळणारी माती तुमच्याच वावरात साफ होऊ शकते. मातीत तेल खाणारे जीवाणू मुळातच असतात. त्यांना हवा, ओल आणि थोडं खत मिळालं की ते डिझेल फोडतात. विहिरीपासून आणि नाल्यापासून दूर, वावराच्या उंच भागी जाड प्लॅस्टिक अंथरा, चारी बाजूंनी वीतभर बांध करा, एका कोपऱ्यात पाणी साचायला छोटा अस्तर लावलेला खड्डा ठेवा. त्यावर माती फूटभर जाडीने पसरा. अठरा ब्रास माती फुगून दोन-सव्वादोन गुंठे जागा खाईल. काळी माती ओली झाली की तिचा गोळा होतो आणि आत हवा शिरत नाही, म्हणून तिच्यात सोयाबीनचं कुटार किंवा बारीक केलेली पऱ्हाटी मिसळा. कुजलेलं शेणखत घाला.

युरियाचा हिशेब असा. जीवाणूंना दर शंभर भाग कार्बनमागे साधारण दहा भाग नत्र आणि एक भाग स्फुरद लागतं. टनभर मातीत पाच किलो डिझेल असेल तर सव्वाचार किलोच्या आसपास कार्बन झाला, म्हणजे सव्वाचारशे ग्रॅम नत्र, म्हणजे किलोभर युरिया. त्यात दोनशे ग्रॅम डीएपी टाकलं की स्फुरदही भागलं. हे दोन-तीन हप्त्यांत, महिन्या-महिन्याच्या अंतराने. एकदम जास्त टाकलं तर जीवाणूच मरतात, आणि आपल्या विहिरींत नायट्रेट आधीच कमी नाही, म्हणून खाली प्लॅस्टिक हवंच. ओल वाफशाइतकी, चिखल नाही. दर आठ-पंधरा दिवसांनी उलथापालथ. मुसळधार पावसात वरून झाकायचं, उघडीप मिळाली की काढायचं. आपल्या उन्हात डिझेलला सहा महिने ते वर्ष धरा. संपलं की नाही हे प्रयोगशाळेने सांगायचं, नाकाने नाही. कुणीतरी हजारो रुपये लिटरचं 'खास बॅक्टेरिया कल्चर' घेऊन येईल. हवा, ओल आणि खत दिल्याशिवाय ते कल्चर चालत नाही, आणि ते दिल्यावर बहुतेक वेळा त्याची गरज उरत नाही.

हे काम आपल्याकडे नवीन नाही. नागपूरला नीरी ही केंद्राची पर्यावरण संशोधन संस्था १९५८ पासून आहे. मँगनीज खाणीच्या उजाड ढिगाऱ्यांवर आणि औष्णिक केंद्राच्या राखेवर सेंद्रिय खत आणि मुळांशी राहणाऱ्या बुरशी-जीवाणूंच्या आधाराने तिने झाडं उभी केलेली आहेत. जिल्हाधिकाऱ्यांना अर्ज करताना तांत्रिक मार्गदर्शनासाठी नीरीचं नाव लिहा. सरकारी कार्यालयाने विचारलं तर गोष्ट वेगळ्या वेगाने हलते.

आता कुठे विहिरीची पाळी. तिच्यासाठी लागणारी वस्तू तुमच्या तालुक्यात पोत्याने पडलेली असेल: कापूस. कच्च्या कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा थर असतो, त्यामुळे तो पाणी झटकतो आणि तेल धरतो, आपल्या वजनाच्या कित्येक पट. दवाखान्यातला पांढरा धुतलेला कापूस चालणार नाही, त्याचं मेण गेलेलं असतं, तो पाणीच पिईल. जिनिंगवर कवडीची, डागी कापसाची रुई स्वस्तात मिळते, ती आणा. मच्छरदाणीच्या कापडाच्या लांबट पिशव्या शिवा, त्यात रुई सैल भरा, दोरीला बांधून पाण्याच्या पृष्ठभागावर सोडा. पिशवी पिवळी-जड झाली की काढा आणि झाकणाच्या लोखंडी ड्रममध्ये टाका. ड्रम गोठ्यापासून आणि घरापासून लांब, सावलीत. पिशव्या पिळून पुन्हा वापरता येतात, पण पिळलेलं डिझेलही ड्रममध्येच. चारीतही याच पिशव्या. ज्या कापसाला बाजारात कुणी विचारत नाही तो इथे बाजारातल्या महागड्या शोषकांइतकं काम करतो, हे मला फार आवडतं.

नळीतला थर दिसेनासा झाला आणि कोपऱ्याचं काम संपलं, की मग बादलीने किंवा छोट्या पंपाने, पातळी फार न पाडता, थोडं थोडं पाणी काढायचं. ते नाल्यात किंवा वावरात सोडायचं नाही. अस्तराच्या खड्ड्यात साठवा, वरचं तेल पुन्हा रुईने टिपा, उरलेल्या पाण्याचा निर्णय तपासणीनंतर. विहिरीच्या बांधकामाला चोपडलेलं डिझेल वरून लांब दांड्याच्या ब्रशने आणि पाण्याच्या फवाऱ्याने सुटतं, साबणाशिवाय. आणि एक पावसाळा पुरणार नाही, हे मनाशी धरा. पुढच्या मेपर्यंत वही चालू ठेवा. दोन उन्हाळे आकडा मर्यादेच्या आत राहिला तर विहीर तुमची.

तोवर पिण्याचं पाणी दुसरीकडून. उकळून डिझेल जात नाही, उलट वाफ घरात भरते. घरच्या आरओची जाळी तेलाने खराब होते आणि पाण्याची खात्रीही राहत नाही. ग्रामपंचायतीकडे टँकरची किंवा नळजोडणीची मागणी लेखी द्या. ढोरं या विहिरीवर नेऊ नका आणि कोपऱ्यातलं गवत त्यांना घालू नका. एखाद्या जनावराने प्यायलं असेल तर त्याला काही पाजून ओकवायचा प्रयत्न करू नका, डिझेल फुफ्फुसात गेलं की जनावर त्यानेच जातं. सरळ पशुवैद्यकाला बोलवा.

संत्र्याच्या त्या दोन ओळींबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, बहुतेक मुद्दामच. ज्या झाडांच्या बुडाशी डबकं होतं ती काढावी लागतील. ती वाचवायची म्हणून खालची माती ठेवली तर ती माती उरलेल्या सगळ्या बागेच्या पाण्यावर बसून राहील. कडेच्या झाडांना मात्र घाई करू नका. पानं पिवळी पडतील, गळतील, तरी पावसानंतर नवी नवती फुटते का ते बघा. काढायच्या झाडांची मोजणी, वय आणि फोटो तोडण्याआधी, पंचनाम्यात लिहून घ्या. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का आणि ई-पीक पाहणीत संत्रा चढलाय का, हे आजच बघा. नुकसानीचा हिशेब तिथूनच सुरू होतो.

आता तो स्टॅम्पपेपर. त्यावर 'पूर्ण व अंतिम' किंवा 'यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही' अशा अर्थाची ओळ असणारच, तीच त्याच्या दीड लाखाची किंमत आहे. वर सांगितलेलं खोदकाम, वाहतूक, तपासण्या, दोन वर्षांचं पाणी आणि झाडं यांची बेरीज मांडा, दीड लाख कुठे बसतात ते तुम्हालाच दिसेल. पैसे नाकारायचेच असं नाही. 'तातडीच्या साफसफाईपोटी उचल, हक्क राखून' असं लिहून पावती देतो म्हणा. तो तयार झाला तर घ्या, नाही झाला तर त्याचा हेतू कळला.

दोन दारं उघडी आहेत. टँकर हे मोटार वाहन, त्यामुळे तिसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात होतो आणि त्यात विमा कंपनीही पक्षकार असते. त्याची मुदत अपघातापासून सहा महिने धरून चाला, म्हणजे दिवाळीच्या गडबडीच्या आत. पोलीस ठाण्यातून गुन्ह्याची प्रत, टँकरचा नंबर आणि विम्याचे तपशील आत्ताच काढून ठेवा. दुसरं दार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं, आपल्यासाठी त्याचं खंडपीठ पुण्याला. तिथे भरपाईबरोबर जमीन-पाणी पूर्ववत करून देण्याचा आदेशही मागता येतो, आणि त्यासाठी पाच वर्षांची मुदत आहे. वकिलाच्या फीची काळजी असेल तर वर्ध्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रीला तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हा १९८७ च्या कायद्याने दिलेला हक्क आहे. सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे, अर्ज तुमच्याच नावाने करा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि जिल्हाधिकाऱ्यांना एकाच दिवशी अर्ज द्या, पोच घ्या. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी वेगळे नियम काढलेत. संशयित जागा स्थानिक संस्थेने किंवा जिल्हा प्रशासनाने कळवायची, मंडळाने तपासायची, आणि साफसफाईचा खर्च दूषित करणाऱ्याने द्यायचा, असा त्यांचा गाभा. अर्जात त्यांचा उल्लेख करा. पण त्यांतल्या तपासण्यांच्या पायऱ्या महिन्यांच्या हिशेबाने चालतात आणि तुमच्याकडे मृगापर्यंतचा वेळ आहे. म्हणून अर्जातच लिहा की पावसाआधी माती हलवणं भाग आहे, अमुक तारखेला पंचांसमोर हलवतो आहोत, मंडळाने नमुने घ्यायचे असतील तर त्याआधी यावं.

मी मातीचीच घाई का करतोय, यासाठी एक उदाहरण. उदयपूरजवळ बिछडी गावात रासायनिक कारखान्यांनी विषारी गाळ आवारात उघडा टाकला. पावसाने तो जमिनीत उतरवला आणि आसपासच्या विहिरी गेल्या. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये कारखानदारांना जबाबदार धरलं. सुधारणेचा खर्च नीरीने ३७ कोटींच्या वर काढला, आणि २०११ मध्येही त्या पैशाच्या वसुलीचं भांडण कोर्टात चालूच होतं. निकाल गावाच्या बाजूने लागला होता, तरी.

शेवटचं काम आज संध्याकाळचंच. तुमची विहीर आणि नाला यांच्यामध्ये ज्यांची वावरं आहेत, त्यांच्या घरी जाऊन हे सांगा. भूजल त्यांच्याकडेच उतरतं. ते आज मोटरी जोरात चालवत असतील तर तुमच्या कोपऱ्यातलं डिझेल ते आपल्याकडे ओढत असतील, आणि त्यांना वास यायला अजून महिना लागेल. त्यांच्याही विहिरीचं पाणी आत्ताच, चांगलं असतानाच तपासून ठेवायला लावा. आधीचा चांगला आकडा हातात नसला की नंतरचा वाईट आकडा कुणाच्या माथी मारायचा यावरून भावकीत भांडणं लागतात, आणि टँकरवाला मोकळा सुटतो. तुमच्या अर्जावर त्यांच्याही सह्या घ्या.